एक कामगार, पाच नोंदवह्या

भिलाईच्या पोलाद कारखान्यात काम करणाऱ्या कंत्राटी कामगाराची नोंद एका महिन्यात निदान पाच ठिकाणी होते. पहिली फाटकावर, प्रवेशपत्राशिवाय केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचा पहारा कोणालाही आत सोडत नाही. दुसरी कंत्राटदाराच्या हजेरीपटावर आणि पगारपत्रकात. तिसरी, तोच कंत्राटदार कारखान्याकडे पैसे मागताना सादर करतो त्या देयकासोबत. चौथी भविष्य निर्वाह निधी संघटनेकडे भरल्या जाणाऱ्या मासिक चलनात आणि पाचवी कर्मचारी राज्य विमा महामंडळाच्या अंशदानाच्या विवरणात. माणूस एक, काम एक, महिना एक. म्हणून पाचही ठिकाणचे दिवस आणि वेतन एकच असायला हवे. ही पाच पाने शेजारी शेजारी ठेवून वाचणारे टेबल मात्र शासनाच्या कोणत्याही कार्यालयात नाही. कंत्राटी पगारपत्रकांतील विम्याची चोरी नेमकी या रिकाम्या जागेत पोसली जाते.

कंत्राटी कामगारांच्या सामाजिक सुरक्षेचा विषय निघाला की, नवा कायदा, नवे संकेतस्थळ, नवी मोहीम अशी उत्तरे तत्परतेने पुढे येतात. भिलाईचा अनुभव वेगळे काही सांगतो. आवश्यक ती माहिती शासनाजवळ आधीपासूनच आहे; ती एकत्र वाचण्याची इच्छा तेवढी कमी पडते. ही इच्छा का कमी पडते, हा प्रशासनाचा प्रश्न वाटला तरी मुळात तो राजकारणाचा प्रश्न आहे.

नागपूर राजधानी असतानाचा प्रकल्प

१९५५ साली भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात भिलाईचा करार झाला, तेव्हा दुर्ग जिल्हा ज्या मध्य प्रदेशात होता त्याची राजधानी नागपूर होती. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, त्याआधीच राज्यपुनर्रचनेने नागपूर मुंबई राज्याकडे आणि भिलाई भोपाळकडे गेले होते. पुढे १ नोव्हेंबर २००० पासून राजधानी रायपूर झाली. राजधान्या बदलल्या तरी विदर्भातून, विशेषतः गोंदिया-भंडाऱ्याकडून, कामासाठी पूर्वेकडे जाणारी आणि छत्तीसगडातून नागपूरकडे येणारी माणसे थांबली नाहीत. हावडा-मुंबई लोहमार्गाच्या दोन्ही बाजूंचा हा श्रमबाजार एकच आहे, आणि म्हणूनच भिलाईच्या नोंदवह्यांचा प्रश्न मराठी घरांचाही आहे.

सार्वजनिक क्षेत्राच्या या नगरीत नोकरी म्हणजे घर, शाळा आणि सेक्टर ९ चे रुग्णालय, असे समीकरण दोन पिढ्यांनी अनुभवले. त्या समीकरणाबाहेर ठेवल्या गेलेल्यांचा लढा शंकर गुहा नियोगी यांनी आधी दल्ली-राजहराच्या लोहखाणींत आणि पुढे भिलाईच्या खासगी कारखान्यांत उभा केला. जगण्याजोगे वेतन आणि कायम नोकरी या त्या लढ्याच्या मुख्य मागण्या होत्या. २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे नियोगी यांची भिलाईत झोपेत गोळी घालून हत्या झाली. १ जुलै १९९२ रोजी पॉवर हाउस स्थानकातील रेल्वे रोको आंदोलनावर झालेल्या पोलिस गोळीबारात पंधराहून अधिक माणसे मारली गेली. मी येथे काम करतो, हे मान्य करून घेण्यासाठी भिलाईने एवढी किंमत मोजली आहे.

दरम्यान कारखान्याची रचनाच बदलत गेली. एके काळी पन्नास हजारांवर असलेले भिलाई पोलाद कारखान्याचे कायम मनुष्यबळ आता त्याच्या एक तृतीयांशाहूनही कमी आहे. सफाई, वाहतूक, देखभाल, दुरुस्ती, भट्ट्यांभोवतीची अवजड कामे यांचा मोठा भाग कंत्राटदारांमार्फत होतो. निविदेची मुदत संपली की कंत्राटदार बदलतो. कामगार बहुधा तोच राहतो, फक्त त्याच्या प्रवेशपत्रावरील मालकाचे नाव बदलते.

चोरीचे अंकगणित

ही चोरी कशी होते, हे एका साध्या उदाहरणावरून समजेल. रोज ५०० रुपये मजुरीचा एक कामगार महिन्यात २६ दिवस कामावर आला. त्याचे वेतन १३,००० रुपये झाले. कंत्राटदाराने कागदावर १३ दिवसच दाखवले, म्हणजे ६,५०० रुपये लपवले. राज्य विम्यात मालकाचा वाटा ३.२५ टक्के आणि कामगाराचा ०.७५ टक्के (जुलै २०१९ पासूनचे दर). भविष्य निर्वाह निधीत कामगाराचे १२ टक्के. मालकाचे १२ टक्के आणि ठेवसंलग्न विमा व प्रशासकीय खर्च मिळून जवळपास १३ टक्के. लपवलेल्या ६,५०० रुपयांवर मालकाच्या वाट्याचे सुमारे १,०५६ रुपये वाचतात. कामगाराची कपात मात्र पूर्ण वेतनावर केली असेल, तर त्यातले आणखी सुमारे ८२९ रुपये खिशात राहतात. एका माणसामागे महिन्याला १,८८५ रुपये. शंभर माणसांमागे वर्षाला साडेबावीस लाखांहून अधिक. निविदेच्या दरात ही अंशदाने धरलेली असतील, तर ही रक्कम सार्वजनिक उपक्रमाच्या तिजोरीतूनही गेलेली असते.

कामगाराचे नुकसान याहून खोल असते. राज्य विमा योजनेच्या नियमांनुसार आजारपणाचा रोख लाभ मिळण्यासाठी सहा महिन्यांच्या अंशदान कालावधीत किमान ७८ दिवसांचे अंशदान जमा असावे लागते. महिन्याला तेरा दिवस दाखवले तर सहा महिन्यांत बरोबर ७८ दिवस भरतात. बारा दाखवले तर ७२. एका दिवसाच्या या हातचलाखीने पूर्ण वेळ राबणारा माणूस आजारी पडताच विम्याच्या नजरेत अपात्र ठरतो. निवृत्तिवेतनाचेही तेच. कर्मचारी पेन्शन योजनेत किमान दहा वर्षांची सेवा लागते. २०१४ मध्ये सार्वत्रिक खाते क्रमांक येण्यापूर्वी प्रत्येक नव्या कंत्राटदाराबरोबर निधीचे खाते नवे होई. परिणामी वीस वर्षे एकाच भट्टीवर घालवलेल्या माणसाची सेवा कागदावर तुकड्यातुकड्यांत विखुरली. कामगार मृत्यू पावल्यास ठेवसंलग्न विम्याची रक्कम, जिची कमाल मर्यादा २०२१ मध्ये सात लाख रुपये झाली, तीही नोंदलेल्या वेतनाच्या सरासरीवरच ठरते.

सर्वांत गंभीर प्रकार अपघाताचा. कामावरील दुखापतीसाठी राज्य विम्यात किमान अंशदानाची अट नाही. विमाधारक नोकरीच्या पहिल्याच दिवशी अपघात झाला तरी लाभ मिळतो. कामगाराच्या हिताची ही उदार तरतूद लबाड कंत्राटदाराच्या सोयीची ठरते. माणसे बिननोंदीची ठेवायची आणि कोणी जखमी झालाच तर घाईघाईने त्याची नोंदणी करून तो कालपरवाच कामावर लागला, असे दाखवायचे. जबाबदारी विमा निधीवर जाते, आधीच्या महिन्यांचे अंशदान बुडते आणि जखमी मनुष्य आपल्याच नोकरीच्या खोट्या तारखेचा साक्षीदार बनतो. १२ जून २०१४ रोजी भिलाईत विषारी वायूच्या गळतीने सहा जणांचा बळी घेतला. ९ ऑक्टोबर २०१८ रोजी कोक ओव्हनच्या वायुवाहिनीतील स्फोटात दहाहून अधिक जण दगावले. असा धोका जेथे रोजचा आहे, तेथे विमाधारकांची यादी अपघातानंतर पूर्ण होणे ही केवळ हिशेबातली चूक म्हणता येत नाही.

याच्या जोडीला वेतनवापसी. बँक खात्यात पूर्ण मजुरी जमा होते आणि मग तिचा काही भाग रोखीने परत घेतला जातो, ही कामगार संघटनांची जुनी तक्रार आहे. येथे पाचही वह्या जुळतील आणि तरीही चोरी झालेली असेल. नोंदींची ताडणी हा सर्व रोगांवरचा उतारा नव्हे, हे आधीच मान्य केलेले बरे.

एका मंत्रालयाच्या तीन खोल्या

भविष्य निर्वाह निधी संघटना, कर्मचारी राज्य विमा महामंडळ आणि मुख्य केंद्रीय श्रम आयुक्तांची यंत्रणा या तिन्ही संस्था एकाच केंद्रीय श्रम मंत्रालयाच्या छत्राखाली आहेत. निधीचे केंद्रीय विश्वस्त मंडळ आणि विमा महामंडळ या दोहोंचे अध्यक्षपद केंद्रीय श्रममंत्र्यांकडेच असते. पोलाद कारखाना पोलाद मंत्रालयाचा, फाटकावरचा पहारा गृह मंत्रालयाचा. भोवतालच्या खासगी कारखान्यांवर राज्याच्या श्रम विभागाची नजर. ही विभागणी समजण्याजोगी आहे. परंतु एकाच मंत्र्याच्या हाताखालील दोन वह्याही वर्षानुवर्षे एकत्र वाचल्या जाऊ नयेत, याचे समर्थन विभागणीने होत नाही.

प्रयत्न झाले नाहीत असे नाही. १६ ऑक्टोबर २०१४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी सार्वत्रिक खाते क्रमांकाबरोबर श्रम सुविधा पोर्टल सुरू केले आणि आस्थापनांना एकच श्रम ओळख क्रमांक देण्याचे ठरले. मुख्य मालकाला आपल्या कंत्राटदारांनी निधीची रक्कम भरली की नाही हे पाहण्याची ऑनलाइन सोयही पुढे झाली. विमा महामंडळाने १ जुलै २०२५ पासून ‘स्प्री’ ही नोंदणी मोहीम नव्याने राबवली, तर निधी संघटनेची राहून गेलेल्या कामगारांना सामावून घेण्याची योजना १ नोव्हेंबर २०२५ रोजी सुरू झाली. मात्र मोहिमांचा हेतू मालकाने स्वतःहून पुढे यावे हा असतो. जो येत नाही, त्याला शोधण्याचे साधन मोहीम देत नाही.

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय एप्रिल २०१८ पासून निधी, राज्य विमा आणि राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना यांच्या नोंदींवरून औपचारिक रोजगाराचे आकडे दरमहा प्रसिद्ध करते. त्यासोबतच एक सावधगिरीची सूचनाही असते: या आकड्यांत एकच व्यक्ती अनेकदा येऊ शकते, म्हणून त्यांची बेरीज करू नये. संख्याशास्त्राच्या दृष्टीने ही सूचना प्रामाणिक आहे. धोरणाच्या दृष्टीने ती एक कबुली आहे. निधीच्या यादीत असलेले किती जण विम्याच्या यादीत आहेत आणि नसल्यास का नाहीत, हे दरमहा सांगणारा आकडा देशापुढे येत नाही.

नोंद म्हणजे पुरावा

हे का घडते, याचे उत्तर न्यायालयीन इतिहासातही सापडते. ३० ऑगस्ट २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने पोलाद प्राधिकरणाच्या, म्हणजे भिलाईच्या मालक कंपनीच्याच, खटल्यात निकाल दिला. कंत्राटी पद्धतीवर बंदी आली तरी कामगार आपोआप मूळ आस्थापनेत सामावले जात नाहीत. मात्र कंत्राट हा निव्वळ देखावा असल्याचे औद्योगिक न्यायालयात सिद्ध झाले तर गोष्ट वेगळी, असा त्याचा आशय. या निकालानंतर वाद पुराव्यावर येऊन ठेपला. कोण कोणाच्या देखरेखीखाली किती वर्षे राबला, हे सांगणारी प्रत्येक नोंद संभाव्य पुरावा बनली. मुख्य मालकाने कंत्राटी कामगाराची वही जितकी नीट ठेवावी, तितका तो स्वतः मालक ठरण्याचा धोका. म्हणून व्यवस्थापनांचा कल वहीकडे पाठ फिरवण्याकडे झुकला.

कायदा मात्र पाठ फिरवू देत नाही. राज्य विम्यात कंत्राटी कामगाराचे अंशदान आधी मुख्य मालकानेच भरायचे आणि मग ते कंत्राटदाराकडून वसूल करायचे, असे तत्त्व १९४८ च्या कायद्यातच होते. कंत्राटदाराने मजुरी थकवली तर ती मुख्य मालकाने द्यावी, असे १९७० चा कंत्राटी कामगार कायदा सांगत होता. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अमलात आलेल्या चार श्रमसंहितांनीही मुख्य मालकाला या जबाबदारीतून मुक्त केलेले नाही. ज्याच्यावर देणे आहे त्याच्याच फाटकावर सर्वांत विश्वासार्ह नोंद आहे. मग ती नोंद विम्याच्या हिशेबात का येऊ नये?

येथे राजकारणाचा भाग सुरू होतो. औद्योगिक नगरांत कंत्राटदार हा केवळ व्यावसायिक नसतो. तो माणसे जमवणारा, निवडणुकीत वाहने पुरवणारा, नगरसेवकाचा आप्त किंवा स्वतःच नगरसेवक असतो. रायपुरात २००३ मध्ये भाजप, २०१८ मध्ये काँग्रेस आणि २०२३ मध्ये पुन्हा भाजप असे सत्तांतर झाले. कंत्राटी पगारपत्रकांची ताडणी हा कोणत्याही निवडणुकीचा मुख्य मुद्दा झाला नाही. कायम कामगारांच्या संघटनांना कंत्राटी कामगारांबद्दल सहानुभूती असली, तरी मान्यताप्राप्त संघटनेच्या निवडणुकीत मत कायम कामगाराचेच असते. ज्याचे नुकसान होते त्याचे मत अनेकदा दूरच्या गावी नोंदलेले, आणि ज्याचा फायदा होतो त्याचे वजन स्थानिक. शासनाच्या संगणकांमध्ये दुवा जोडणे अवघड नाही. अवघड आहे ते हे हितसंबंध तोडणे.

वस्तू-सेवा कराकडून धडा

पैसा कराचा असतो तेव्हा हेच शासन किती तत्पर असते, ते पाहण्यासारखे आहे. वस्तू व सेवा करात जानेवारी २०२२ पासून विक्रेत्याने आपल्या विवरणात दाखवलेला व्यवहार खरेदीदाराच्या खात्यात उमटला, तरच खरेदीदाराला कराची वजावट मिळते. एकाची नोंद दुसऱ्याच्या पैशाला बांधली की दोघेही नोंदीची काळजी घेतात. प्राप्तिकरात पगारातून किती कर कापला आणि किती भरला, हे करदात्याला स्वतः तपासता येते. ब्रिटनने एप्रिल २०१३ पासून मालकांना प्रत्येक पगाराच्या वेळीच पगाराचा तपशील कर खात्याकडे पाठवणे बंधनकारक केले. न्यूयॉर्क राज्याने २००७ मध्ये कामगारांचे चुकीचे वर्गीकरण करून विमा व कर चुकवणाऱ्या मालकांविरुद्ध श्रम, कर आणि कामगार भरपाई विमा या खात्यांचे संयुक्त पथक नेमले, कारण एका खात्याला सापडलेली लबाडी दुसऱ्याला कळतच नव्हती.

भिलाईसाठी याचा अर्थ सरळ आहे. कंत्राटदाराच्या देयकाला फाटकावरील हजेरीची यादी जोडावी. त्या यादीतील प्रत्येक माणसाचे दिवस निधीच्या चलनाशी आणि विम्याच्या विवरणाशी संगणकाने ताडावेत. तफावत असेल तेवढी रक्कम देयकातून रोखून मुख्य मालकाने ती थेट अंशदान म्हणून भरावी. अपघाताच्या आसपास झालेली प्रत्येक नवी नोंदणी फाटकावरील पहिल्या प्रवेशाच्या तारखेशी आपोआप पडताळली जावी. यासाठी नवा निरीक्षकवर्ग लागत नाही. आणि महिनाअखेरीस फाटकावरचे दिवस व विम्यातले दिवस असे दोन आकडे कामगाराच्या मोबाइलवर, त्याला वाचता येईल त्या भाषेत, जावेत. पाच वह्यांचा सर्वांत चांगला तपासनीस ज्याचे नाव त्यांत आहे तोच असतो. वेतनवापसीची तक्रारही तोच करू शकेल. मात्र तक्रार केली म्हणून त्याचे प्रवेशपत्र रद्द होणार नाही, ही हमी मुख्य मालकाने द्यायला हवी.

ज्ञानेश्वराचे नाव

ताडणीची सुरी उलटीही फिरू शकते, आणि स्थलांतरिताला तिची धार आधी लागते. महाराष्ट्रात काढलेल्या आधारपत्रावर रोमन लिपीत ‘ज्ञानेश्वर’ हे नाव ‘ड’च्या अक्षराने सुरू होते, हिंदी उच्चाराची सवय असलेला कारकून तेच नाव ‘ग’च्या अक्षराने लिहितो. मधले वडिलांचे नाव कधी गळते, कधी आडनाव पुढे येते. माणूस एकच, पण संगणकासाठी तीन. सामाजिक सुरक्षा संहितेतील आधारविषयक १४२ वे कलम ३ मे २०२१ पासून, म्हणजे बाकी संहितेच्या कितीतरी आधी, अमलात आणले गेले. कामगाराची ओळख पटवण्याची घाई शासनाला होती. मालकाची नोंद पडताळण्याची तेवढी नव्हती. त्यामुळे न जुळणाऱ्या नोंदीचा पहिला परिणाम कंत्राटदाराचे देयक अडण्यात होण्याऐवजी कामगाराचा दावा अडण्यात झाला, तर ही सुधारणा नवा अन्याय ठरेल.

म्हणून नियम उलटा हवा. नोंद जुळली नाही तर लाभ आधी द्यावा, वसुली नंतर मालकाकडून करावी. अंशदान चुकवणाऱ्या मालकाकडून लाभाची किंमत वसूल करण्याचा अधिकार विमा महामंडळाला १९४८ च्या कायद्यापासून आहेच. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा मानही राखला पाहिजे. ताडणीसाठी नाव, दिवस, वेतन आणि मालक एवढे पुरेसे आहे. कामगाराचा आजार, त्याची संघटना, त्याचा मोर्चातील सहभाग यांच्याशी या व्यवस्थेचा संबंध येता कामा नये. ज्या गावाने नियोगींची हत्या पाहिली, तेथे हजेरीची यादी काळी यादी होण्याची भीती काल्पनिक मानता येणार नाही.

नव्या संहितांनी या कामाची निकड वाढवली आहे. १९७० च्या केंद्रीय कायद्यात वीस कंत्राटी कामगार असले की परवाना लागे. आता ही मर्यादा पन्नास आहे. पन्नासाखालच्या कंत्राटदारांपुरती परवान्याची एक नोंद पुसली गेली, तर उरलेल्या नोंदींवरचा भार वाढतो. निधीच्या थकबाकीची चौकशी पाच वर्षांच्या आत सुरू झाली पाहिजे, असे बंधनही आले. आज न ताडलेला महिना पाच वर्षांनी कायद्याच्या दृष्टीने उरणारच नाही. दुसरीकडे भत्ते अर्ध्याहून अधिक असल्यास जादा भाग वेतनात धरण्याची तरतूद कामगाराच्या लाभाची आहे. पण वेतनाची व्याख्या कितीही विस्तारली तरी जो दिवस वहीत नाही, त्या दिवसाला ती लागू होत नाही.

श्रममंत्री, पोलादमंत्री आणि राज्याचा श्रम विभाग यांनी एका कारखान्यापासून आरंभ करायचा ठरवले, तर भिलाईइतके योग्य ठिकाण दुसरे नाही. येथे मालक शासन आहे, पहारा शासनाचा आहे, विमा शासनाचा आहे आणि निधीही शासनाच्याच देखरेखीखाली आहे. खासगी मालकाने माहिती दडवली, ही सबब येथे नाही. शासन जर आपल्याच फाटकातून आत गेलेल्या माणसांची संख्या आपल्याच विम्याच्या वहीशी जुळवू शकत नसेल, तर भोवतालच्या शेकडो खासगी कारखान्यांना शिस्त लावण्याचा नैतिक अधिकार त्याने कोठून आणायचा?